गुप्तधनाचे यंत्र आणि आमचा इतिहास

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात एक अजब जत्रा भरली. ‘छावा’ चित्रपट नुकताच गाजला होता. मोगलांच्या सोन्याच्या मोहरा इथल्या शेतांत पुरल्या आहेत, अशी आवई उठली. बॅटऱ्या, चाळण्या, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसे रात्र रात्र दुसऱ्यांची शेते उकरीत राहिली. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातम्या छापल्या. परंतु हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मातीत आमचा इतिहास गाडला गेला आहे, त्या मातीचा हा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालो की वाटेत चितेगाव लागते. कारखान्यांचे, कामगारांचे, प्लॉटिंगचे गाव. याच रस्त्याच्या टोकाला पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या एका गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. भोकरदनच्या, म्हणजे भोगवर्धनच्या उपासकांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर आहेत. हा सारा मुलूख बुद्धाच्या वाटेवरचा मुलूख होता. आज तिथे जेसीबी चालतो. मुरूम उपसला जातो, पाया खणला जातो. त्या मातीत काय गेले, याची नोंद कोण ठेवतो?

आता या खेळात यंत्र आले आहे. मेटल डिटेक्टरला फक्त धातू कळतो. वीत-दीड वीत खोलीवर नाणे असेल तर ते वाजते. वीट, खापर, हाड, राख यांच्यासाठी ते मुके असते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला मात्र नाण्याइतकेच त्याच्याभोवतीचे खापर मोलाचे. नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडले यावरून त्या वस्तीचा काळ ठरतो. थर विस्कटून उचललेले नाणे म्हणजे जबाब न घेता हाकलून दिलेला साक्षीदार!

उदाहरण पाहा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या पराभवाचा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. तो साठा एकत्र तपासला गेला म्हणून हे कळले. एकेक नाणे सोनाराच्या मुशीत गेले असते तर?

नालासोपाऱ्याच्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले आणि आतून स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. यंत्रवाल्या चोराने सोने नेले असते, विटा फेकल्या असत्या, आणि स्तूप कायमचा बुरूड राजाचाच राहिला असता.

कायदा काय म्हणतो? १८७८ चा निखात निधी कायदा इंग्रजांचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात दुसरीही बाजू आहे. मूळ मालक निघाला नाही आणि आधी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने ठेवा घेतला तर त्याची किंमत मोजावी लागते. हे कोणत्या मजुराला ठाऊक आहे? कुदळ मारणारा बहुधा भूमिहीन. हंडा लागला की मालक तो काढून घेणार आणि पोलीस त्यालाच चोर ठरवणार, ही त्याची भीती. म्हणून तो गप्प बसतो आणि मिळेल त्या भावात वस्तू विकतो. इतिहासाला पहिला हात लावणारा माणूस इतिहासातून बाहेरच राहतो!

या कायद्याचा दुसरा अनुभवही ध्यानात ठेवावा. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे बुद्धाच्या अस्थींसह रत्ने निघाली. सरकारने याच कायद्याखाली बहुतेक ठेवा घेतला, काही रत्ने जमीनदार पेपे याच्याकडे राहू दिली. ती मे २०२५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात मांडली गेली. जगभरातून विरोध झाला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परतली. श्रद्धेच्या ठेव्याला मालमत्ता मानले की असे होते.

इंग्लंडने १९९६ मध्ये नवा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी योजना सुरू केली. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात यंत्राने शोधलेल्या सोन्याच्या ठेव्यापोटी शोधणारा आणि शेतकरी यांना सुमारे ३३ लाख पौंड मिळाले. प्रामाणिक माणसाला तिथे बक्षीस आहे. आमच्याकडे भोंदूबाबा आहे. गुप्तधनाच्या हव्यासात १९७२ ते ७४ दरम्यान मानवतमध्ये मुली आणि स्त्रियांचे मुडदे पडले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीची अघोरी कृत्ये गुन्हा ठरली. तो कायदा येण्यासाठी डॉ. दाभोलकरांना प्राण द्यावा लागला. आता बाबाच्या हातात लिंबाबरोबर यंत्रही आले, एवढाच फरक.

तेव्हा तरुणांनी यंत्र विकत घेण्यापूर्वी तेरचे लामतुरे संग्रहालय पाहावे. सापडलेली वस्तू धुऊ नये, वितळवू नये. जागेवरच ठेवून फोटो काढावा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. ग्रामपंचायतीने शोधणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. शासनाने मजुराच्या वाट्याची तरतूद मराठीत छापून गावोगाव लावावी. जमीन ज्यांच्या नावावर नाही, त्यांच्या पूर्वजांचे नाव मात्र त्या जमिनीखाली आहे. ते चोराच्या पिशवीतून जाता कामा नये.