राहुटीतला करिअर कन्सल्टंट

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलं. त्या रविवारी स्क्रीनवर 'मामी वडगाव' असं आलं आणि माझी झोप पार उडाली.

"पोरी, तू पेपरात लिहितीस न्हवं? मग त्या सिरियलवाल्यांची मान्सं वळखीची असतीलच की तुझ्या."

हुश्श. कुणी गेलं नव्हतं. माझा मामेभाऊ मात्र जायला निघाला होता. मुंबईला, हिरो व्हायला!

वडगाव निंबाळकर हे माझं आजोळ. बारामती तालुक्यातलं, नीरा-बारामती रस्त्यावरचं गाव. मामेभाऊ 22 वर्षांचा, बारामतीत बीकॉम केलेला, आता तिथल्याच एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, दोनदा बक्षीसही मिळालं. तेव्हापासून साहेबांच्या डोक्यात अभिनय. आता पुण्यातल्या एका 'करिअर कन्सल्टन्सी'नं त्याला पॅकेज दिलं होतं. पंचेचाळीस हजार रुपये, त्यात पोर्टफोलिओ, आठ दिवसांचं ग्रूमिंग, एक 'आर्टिस्ट कार्ड' आणि सिरियलमध्ये रोल हमखास. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर डिस्काउंट. मामा ऊसबिलाच्या हप्त्यातून ते भरणार होता, पण मामीला काहीतरी खटकत होतं. "येऊन जा एकदा" म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं, फोनवर भागणार नाही.

पुढच्या शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली. सासवड, जेजुरी, नीरा. नीरेच्या पुढे गेलं की खिडकीबाहेर ऊसच ऊस. होळी नुकतीच झालेली, सोमेश्वर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकरवर गाणी ठणाणा लावून चाललेले. खरं सांगू? बसमध्ये मला राहून राहून माझेच बारा हजार आठवत होते. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका संस्थेत 'न्यूज अँकर बना'च्या कोर्सला ते भरले होते. हातात आली ती एक सीडी. त्यात मी निळ्या पडद्यापुढे उभी राहून घाबरत हवामान सांगतेय. ती सीडी मी कुणालाच दाखवली नाही, आणि घरी कोर्स 'छान झाला' असं सांगून टाकलं. फसलोय हे सांगण्यापेक्षा गप्प बसणं सोपं असतं, बॉस.

असो. पोचले, पिठलं-भाकरी झाली आणि अंगणात बैठक बसली. मामेभावानं पॅकेजचं पत्रक पुढे ठेवलं. चकचकीत कागद, दोन ओळखीच्या चेहऱ्यांचे फोटो. ('यांना तुम्ही काम दिलंत का?' असं त्यानं विचारलं होतं. उत्तर आलं, 'ते आमच्या संपर्कात आहेत.' संपर्कात काय, शाहरुख माझ्याही आहे. मी त्याचा बर्थडे दरवर्षी विश करते.)

मी माझ्या परीनं त्याला समजवायला लागले. या धंद्यात माणसं चार प्रकारची असतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. कास्टिंग डायरेक्टर निर्मात्याचा माणूस, त्याला पैसे निर्माता देतो. त्यानं कलाकाराकडून छदामही घ्यायचा नसतो. एजंट किंवा मॅनेजर कलाकाराचा माणूस. काम आणतो, कराराची बोलणी करतो आणि मिळालेल्या मानधनातून टक्केवारी घेतो. को-ऑर्डिनेटर या दोघांच्या मधला. कुठे कसल्या चेहऱ्याची गरज आहे याची खबर ठेवतो, ऑडिशनला पाठवतो आणि काम झालं की कमिशन कापतो. चौथा हा करिअर कन्सल्टंट. सल्ला देतो आणि त्याची फी घेतो. त्यातही गैर काही नाही, सीए नाही का घेत?

"मंग ह्योच की," मामा म्हणाला. "फीच मागतोय त्यो."

आता आली का पंचाईत! माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. ते आलं शेजारच्या बाजेवरून. तिथे मामाचे एक जुने दोस्त बसले होते, सत्तरीचे. उमेदीतली वीसेक वर्षं एका तमाशाच्या फडात त्यांनी हिशेब सांभाळलेला. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. काका इतका वेळ तंबाखू मळत गप्प होते.

"रोल देतो म्हणून पैसं घेतोय का शिकिवतो म्हणून?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मामेभाऊ पुटपुटला.

"मंग त्यो मॅनेजर न्हवं. आमच्यात मॅनेजर पैसं देतो, घेत न्हाई."

आणि मग काका नारायणगावात शिरले.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पण तिथे नेमकं काय चालतं हे मला तरी धड माहीत नव्हतं. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. त्यातला कमाईचा काळ म्हणजे चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रा. त्यासाठी पाडव्याच्या आगेमागे फड नारायणगावात राहुट्या ठोकतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा बोर्ड आणि आत मॅनेजर. गावोगावची पुढारी मंडळी आणि यात्रा कमिट्या येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात. वग कुठला? नाचणाऱ्या किती? सोंगाड्या कोण? तारीख कुठली? चैत्री पौर्णिमा किंवा अष्टमी असेल तर भाव चढा, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच तमाशा हवा. सौदा ठरला की कागद होतो आणि विसार दिला जातो. हीच सुपारी.

विचार करा, हा टॅलेंट फेअरच झाला की! आपल्याकडे कॉर्पोरेटवाले कॅम्पस प्लेसमेंटचं केवढं कौतुक करतात. इथे तर एका रस्त्यावर सगळे एम्प्लॉयर आणि सगळे क्लायंट समोरासमोर. कलाकाराचा बायोडाटा विचारला जात नाही. मागच्या वर्षी शेजारच्या गावात त्याची बारी कशी झाली, हे कमिटीवाल्यांना आधीच माहीत असतं.

"आणि कलाकाराला पैसे?" मी विचारलं.

"उचल," काका म्हणाले.

म्हणजे हंगामाआधीच मालक कलाकाराला आगाऊ रक्कम देतो. पोराच्या शाळेला, आईच्या औषधाला, घराच्या पत्र्याला. मग हंगामभर पगारातून ती फिटते. ज्याला तुझ्यावर विश्वास आहे तो आधी पैसे टाकतो. काकांचा फंडा इतका सरळ होता.

मामेभावाचा चेहरा उतरला, पण मला राहवेना. उचलीची दुसरी बाजू मी ऐकून होते. "पण काका, उचल फिटली नाही तर?"

काकांनी तंबाखू तोंडात टाकली, थोडा वेळ गेला. "न्हाई फिटली की फुडच्या वर्साला बी त्योच फड. आन मालक तरी कुठनं देतो? त्योबी सावकाराकडनंच उचलतो." मग 2020 आणि 2021 बद्दल बोलले. कोरोनात लागोपाठ दोन वर्षं चैत्रातल्या यात्रा झाल्या नाहीत. राहुट्या नाहीत, सुपाऱ्या नाहीत. डोक्यावर कर्ज मात्र होतंच. त्यांच्या ओळखीचे ढोलकीवाले, नाचणाऱ्या बायका शेतमजुरीला गेल्या. विठाबाईंची गोष्टही त्यांनी काढली. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली बाई, 2002 मध्ये गेली तेव्हा शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत काढून गेली. त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो नंतर.

तेव्हा राहुटी म्हणजे स्वर्ग, असं मला मुळीच म्हणायचं नाहीय. पण पैसा कुठल्या दिशेनं वाहतो, एवढी एक गोष्ट तिथे स्पष्ट आहे. आणि हे फक्त आपल्या गावाकडचं शहाणपण आहे असंही नाही. हॉलिवूड ज्या कॅलिफोर्नियात आहे तिथे 2010 पासून एक कायदा लागू आहे. काम मिळवून देतो म्हणून कलाकाराकडून आगाऊ पैसे घ्यायला तिथे बंदी आहे. एजंटनं काम आणावं आणि मानधनातून हिस्सा घ्यावा, साधारण दहा टक्के. क्लास शिकवायचा असेल तर तो वेगळा विकावा. काकांनी हा कायदा वाचलेला नाही, हे सांगायला नकोच.

मग चांगला कन्सल्टंट करतो तरी काय? हे मी मामेभावाला रात्री गच्चीवर सांगितलं, कारण दिवसा मामासमोर तो 'हं' पलीकडे बोलत नव्हता.

तो तुला आरसा दाखवतो. तू 22 चा आहेस पण कॅमेऱ्यात किती वर्षांचा दिसतोस? तुझ्या बोलण्यातला बारामतीचा हेल कुठे चालेल, कुठे आड येईल? चाळीस फोटोंचा अल्बम कुणी उघडत नाही. दोन-तीन साधे, मेकअपशिवायचे फोटो आणि मिनिटभराचा इंट्रो व्हिडिओ पुरतो. नाव, वय, उंची, गाव, मग समोरून, डावीकडून, उजवीकडून चेहरा. अंधेरीत वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये दारोदार ऑडिशन चालतात, पण आता पुष्कळ वेळा पहिली फेरी घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते. टीव्हीचं मानधन बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी हातात येतं, तेव्हा काम मिळालं तरी तीन महिने खोलीभाडं कुठून भरणार, हे तो आधी विचारतो. ज्यानं तुला हा प्रश्न विचारलाच नाही, तो तुझा कन्सल्टंट नाही.

न्यूयॉर्कमध्ये कलाकारांच्या मदतीसाठी 1882 मध्ये एक फंड उभा राहिला, आजही चालू आहे. त्यांच्या करिअर सेंटरचं एक मोठं काम म्हणजे नटांना दुसरी नोकरी शोधायला मदत करणं. ऑडिशनला सुट्टी घेता येईल आणि भाडंही भागेल अशी नोकरी. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. गच्चीवर ते सांगताना आलं नाही, कारण आमच्या हिरोनं शिफ्टची नोकरी सोडायचं पत्र टाइप करून ठेवलं होतं. मोबाइलमध्ये, ड्राफ्टमध्ये.

"ताई, पण रिंकू राजगुरू?" तो म्हणाला.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. अकलूज इथून लांब नाही, इंदापूर तालुका संपला आणि नीरा ओलांडली की आलंच. 'सैराट' 2016 मध्ये आला तेव्हा हा शाळेत होता. 'फॅन्ड्री'तला जब्या, सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केमचा. या पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला वाटतं की पुढचा नंबर आपला. मी म्हटलं, अरे, त्यांच्यापैकी कुणी पॅकेज घेतलं होतं? नागराज मंजुळे त्यांना शोधत त्यांच्या गावापर्यंत आले. आणि ती लॉटरी आहे, लॉटरीवर नोकरी सोडत नाहीत. लॉटरी नको असेल तर कामं पलीकडच्याच जिल्ह्यांत आली होती बघ. 'लागिरं झालं जी'चं शूटिंग साताऱ्याकडे झालं, 'तुझ्यात जीव रंगला'चं कोल्हापूरजवळ. अशा वेळी छोट्या भूमिकांना आसपासचीच माणसं लागतात. त्या युनिटपर्यंत पोचायला पंचेचाळीस हजार लागत नाहीत, एसटीचं तिकीट लागतं. आणि निर्लज्जपणा.

तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "तुझे बारा हजार मिळाले का परत?"

मामीला मी ही गोष्ट कधीतरी सांगितली असणार. "नाही," म्हटलं. "आणि मी भांडलेही नाही."

सकाळी मामानं हप्त्याचा विषय काढला नाही. काकांनी मात्र जाता जाता विचारलं, नारायणगावला यंदा यात्रा कमिटीबरोबर येतोस का, फिरून बघ, धंदा कसा चालतो ते तरी कळंल. मामेभाऊ 'बघू' म्हणाला. नोकरीच्या पत्राचं काय झालं ते मी विचारलं नाही; सोमवारी त्याची सेकंड शिफ्ट होती आणि तो त्याचा डबा कुठला न्यायचा यावर मामीशी वाद घालत होता, एवढं मी ऐकलं.

एसटीला तासभर होता. म्हटलं, चल, इंट्रो करून टाकू. मागे ऊस, ऊन तोंडावर, माझा फोन आडवा धरलेला. पहिला टेक ट्रॅक्टरच्या गाण्यानं खाल्ला. दुसऱ्यात कुत्रं आलं. तिसऱ्यात त्यानं नाव सांगितलं, वय सांगितलं, उंची सांगितली आणि अडकला.

"ताई, गाव काय सांगू? पुणेच म्हणू ना?"

"गाव कुठलं तुझं?"

"वडगाव निंबाळकर."

"मग तेच सांग. कॅमेऱ्यात बघून."