गाण्याचं पान दुरुस्त करायचंय? आधी कव्हर शोधा

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांसाठी हे चार शब्द.

गणपतीचा कार्यक्रम बसवताना गाण्याची माहिती आता मोबाइलवर विकिपीडियात बघितली जाते. तिथं चूक असली तर निवेदक तीच माइकवरून वाचतो. खरा कवी बाजूला राहतो आणि मुलं चुकीचं नाव पाठ करतात. म्हणून चूक दिसली की सोडून देऊ नका. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो लिहिणारी-तपासणारी माणसं पगारी नाहीत, तुमच्याआमच्यासारखीच आहेत. तुम्हीही हात लावू शकता. फक्त रीतीनं लावा.

आपल्या शेजारच्या देवासच्या कुमार गंधर्वांचंच गाणं घ्या, 'उठी उठी गोपाला'. भूपाळीसारखं आहे, तेव्हा एखाद्या संताचं पद असावं असं सहज वाटतं. पण ते लिहिलं बाळ कोल्हटकरांनी, 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी. चाल वसंत देसाईंची.

समजा, पानावर कवीचं नाव चुकलंय. नुसतं नाव बदलून मोकळे होऊ नका. तुम्ही जन्मभर गाणं शिकवलं असेल, पण पलीकडच्या माणसाला ते कसं कळणार? 'मला माहीत आहे' याला तिथं किंमत नाही. पुरावा द्या. रेकॉर्डचं लेबल, कॅसेटचं कव्हर, नाटकाचं छापील पुस्तक, वर्तमानपत्रातला लेख, यातलं काहीही चालेल. पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, साल आणि पान क्रमांक लिहा. यूट्यूबवर गाण्याखाली कुणीतरी टाकलेली ओळ हा पुरावा नव्हे.

हे पुरावे बहुतेक तुमच्याच माळ्यावर आहेत. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पेटी उघडा. मात्र कव्हरचा फोटो काढून चढवू नका. त्या चित्रावरही कुणाचा तरी हक्क असतो. त्यावरची माहिती तेवढी घ्या.

अख्खं गाणं पानावर उतरवू नका. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. भा. रा. तांबे १९४१ साली गेले. ग्वाल्हेरचे राजकवी, आपल्याच मुलखातले. त्यांच्या कविता आता सर्वांना खुल्या आहेत. पण त्यांचीही जागा विकिस्रोतात, म्हणजे मूळ लेखन ठेवण्याच्या सोबतच्या संकेतस्थळावर, विकिपीडियात नाही. शिवाय त्यांच्या कवितांना पुढं ज्या चाली लागल्या, त्यांचा हक्क वेगळा मोजतात.

आणि हो, 'अवीट', 'अजरामर', 'स्वर्गीय' हे शब्द घरी ठेवा. आपल्याला मोह होतोच! पण तपासणारा ते पहिल्यांदा काढतो, आणि बरोबरच करतो. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, कुणी गायलं, कोणत्या साली आलं, एवढं नीट आलं तरी पान चांगलं झालं.

तुमची दुरुस्ती कुणी उलटवली तर रागावू नका. पानाचा 'इतिहास' उघडा, तिथं बहुधा कारण दिलेलं असतं. मग 'चर्चा' पानावर विचारा. तिथं भांडू नका, पुरावा दाखवा. मोठी शंका असेल तर 'चावडी' आहे. सरावाला 'धूळपाटी' आहे, तिथं चुकलं तरी कुणी काही म्हणत नाही.

एक सांभाळा. खातं उघडताना टोपणनाव घ्या. फोन नंबर, घरचा पत्ता कुठंही लिहू नका. पुढं खोडला तरी तो जुन्या आवृत्तीत दिसत राहू शकतो.

टाइप करणं जमत नसेल तर नातवाला शेजारी बसवा. बटणं तो दाबेल, कव्हर तुम्ही शोधून द्या.