आकाश काळे कोणी केले?

फोटो आवडला की प्रदर्शनात पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एडिट केलेला नाही ना?’ कॅमेऱ्यातून निघाले तेवढे खरे, नंतर हात लागला की खोटे, ही समजूत आता पक्की झाली आहे. मला ती साफ चुकीची वाटते.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा फोटो पाहा. १९४१ सालची संध्याकाळ, न्यू मेक्सिकोतले लहानसे गाव, दफनभूमीतल्या क्रुसांवर उतरते ऊन. लाइट मीटर सापडेना. चंद्र किती तेजस्वी असतो हे ठाऊक होते, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत ऊन गेले. हाती उरली ती एकच, तिचाही खालचा भाग कमकुवत. १९४८ मध्ये रसायन वापरून त्यांनी तेवढाच भाग बळकट केला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेघा दिसतात. पुढच्या प्रिंटमध्ये चंद्राभोवती जवळजवळ मिट्ट काळोख आहे. निगेटिव्ह तीच, बदलली ती अ‍ॅडम्स यांची नजर.

प्रिंट काढताना असा उजेड कमी-जास्त करण्याचे काम मी डार्करूममध्ये हाताने केले आहे. एन्लार्जरखाली चेहरा फार काळा येऊ नये म्हणून तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर धरायची आणि सतत हलवत राहायची; क्षणभर थांबलात तर तिची कड कागदावर उमटते. आकाश गडद करायचे तर तळहातांनी बाकीचा कागद झाकायचा. फोटोशॉपमध्ये ‘डॉज’च्या खुणेत आजही तीच चकती आहे आणि ‘बर्न’च्या खुणेत तोच हात.

मर्यादा आहेच. फेब्रुवारी १९८२ च्या अंकात ‘नॅशनल जिओग्राफिक’ने उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. ही वाचकाची फसवणूक होती. उजेड कमी-जास्त करणे हा छायाचित्रकाराचा हक्क आहे. बातमीतली वस्तू हलवण्याचा हक्क कोणालाच नाही.

आणि हात न लावलेला फोटो आता आहे तरी कुठे? तुमचा फोन बटण दाबताच अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश निळे करतो, तेही तुम्हाला न विचारता. तेव्हा पुढच्या प्रदर्शनात प्रश्न बदला. ‘एडिट केले का?’ असे विचारू नका. ‘काय घातले, काय काढले आणि ते कोणी ठरवले?’ असे विचारा.