कमाटीबागेतले पाच तास

कमाटीबागेत फिरायला जाता ना? १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास बसून होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा सरकारी अधिकारी. पण बडोद्यात राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं दारात आली. कचेरीतले शिपाईसुद्धा फायली लांबूनच टाकत.

उच्चनीच निसर्गातच असतं म्हणतात. मग लाठ्या कशाला लागल्या? आंबा गोड राहावा म्हणून कोणी पहारा ठेवत नाही.

परवा मुलीने विचारलं, "आई, कामाला येणाऱ्या बेनचा कप वेगळा का?" मी म्हटलं, "सवय." मलाच ते पटलं नाही. आता सगळे कप एकाच मांडणीत आहेत. सासूबाई मात्र अजून गप्प आहेत.