वय झालं म्हणे!

परवा आत्या आली होती. आमचा मोत्या फरशीवरून उठायला गेला, मागचे पाय घसरले, दोनदा बसला, तिसऱ्यांदा कसाबसा उभा राहिला. आत्या म्हणाली, "वय झालं गं त्याचं, चालायचंच." आणि हे कोण म्हणतंय? रोज नाश्ता झाला की गुडघ्यासाठी गोळी घेणारी आत्या! (वाचत असशील तर रागावू नकोस, पण आज बोलणार आहे.)

वय हा आजार नाही, संधिवात आहे. कुत्रं कण्हत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं आपण सोयीने ठरवून टाकतो. मोत्याने जिना सोडला, सोफ्यावर उडी मारणं सोडलं, आणि आम्ही कौतुकाने म्हणत होतो, "शहाणा झाला हो!" जवळजवळ वर्षभर. आता लाज वाटते.

डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम सुरू केलं, तर घरात नवा सूर: "पेनकिलरने किडनी जाते." जाऊ शकते, खोटं नाही. म्हणून तर आधी रक्त तपासतात, पुढेही अधूनमधून तपासतात. औषध जेवणाबरोबर द्यायचं, स्टिरॉइडबरोबर नाही. उलट्या, काळी शी किंवा जेवणावरची वासना गेली, की बंद करून थेट दवाखाना. एवढं आपल्याला जमत नाही, म्हणून दुखणं त्याने सोसायचं?

आणि दुसरं टोक: "माझीच गोळी दे की त्याला!" नको! पहिल्या दिवसानंतर कुत्र्याला मेलॉक्सिकॅम किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे सहा किलोच्या पॉमेरेनियनला ०.६. माणसाची गोळी १५ ची असते. पंचवीसपट! आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने तर कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. गिधाडांचं आठवतं ना? डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. गाईला चाललेलं गिधाडाला चाललं नाही, मग आत्याचं मोत्याला चालेल कशावरून?

असो. तिसरा आठवडा चालू आहे. काल दूधवाला आला तेव्हा मोत्या स्वतःहून फाटकापर्यंत गेला. सांध्यांवरचा भार कमी व्हावा म्हणून वजन चार किलोने उतरवायचंय.

तेव्हा आत्या, पुढच्या वेळी तूप लावलेली पोळी टेबलाखालून सरकवायची नाही. मला दिसतं.