आधी प्लास्टिक, मग शिसे

संपादक महोदय,


‘बीटा कण पत्र्यावर गोळीसारखा आपटून थांबतो, शिसे सर्वांत उत्तम’ हे गेल्या अंकातल्या पत्रातले म्हणणे मला मान्य नाही. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. धातूत शिरला की तो तिथल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत, वाट बदलत, थोडी थोडी ऊर्जा गमावत जातो.

चपात्या गुंडाळायचा फॉइल चिमटीत धरून पाहा. जाडी जेमतेम ०.०१५ मिलिमीटर. वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कण त्यातून जाताना सहा हजारांच्या आसपासच गमावतो! बीटा कण सोडणाऱ्या यिट्रियम-९० चे सर्वांत जोमदार कण अडवायला ॲल्युमिनियम सुमारे चार मिलिमीटर लागते.

शिशाचा मुद्दा तर धोक्याचा आहे. जड अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन झपकन वळतो आणि गमावलेल्या ऊर्जेतून क्ष-किरण निघतात. म्हणून फॉस्फरस-३२ हा बीटा कणांचा स्रोत हाताळणारे आधी ॲक्रिलिकचा जाड पडदा लावतात. शिसे लागलेच तर त्याच्या बाहेरून. विद्यार्थी हे सदर वाचतात, कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक,
कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)