खांद्याचे दुखणे आणि माजी सैनिकांची अपंगत्व पेन्शन

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातल्या डॉक्टरांना माजी सैनिक पेशंट नवे नाहीत. गुडघा, कंबर आणि खांदा या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, कधी खांदा निखळतो. त्यातल्या काहींनी अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज केलेला असतो आणि उत्तरात एक वाक्य आलेले असते: हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही.

या वाक्याबद्दल माझे मत सरळ आहे. हा निष्कर्ष काही वेळा बरोबर असतो. पण 'का' हे न लिहिता तो देणे वैद्यकीय दृष्टीने अपुरे आहे, आणि खांद्याच्या बाबतीत तर जास्तच.

नियम थोडक्यात

अपंगत्व पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते सेवेमुळे झालेले किंवा बळावलेले असावे. अपंगत्व 100 टक्के असेल तर ही रक्कम शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा शेवटचा पगार 50,000 रुपये होता. मग 20 टक्के अपंगत्वाला महिना 3,000 आणि 50 टक्क्यांना 7,500 रुपये, त्यावर महागाई भत्ता. लढाईतल्या जखमांचा दर वेगळा आणि जास्त आहे.

50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 धरायचे, अशी एक तरतूद आहे. नियत काळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली रामअवतार प्रकरणात मान्य केले. म्हणजे खांद्याला 20 टक्के मिळतात की 15, यावर आयुष्यभराची मोठी रक्कम अवलंबून असते.

त्याआधी 2013 साली धरमवीर सिंह प्रकरणात न्यायालयाने आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा तंदुरुस्त होता असे धरावे. नंतर झालेला आजार सेवेशी संबंधित नाही असे मेडिकल बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याने कारणे द्यावीत. ते प्रकरण फिट्सचे होते, खांद्याचे नव्हते, पण तत्त्व तेच. निवृत्तीच्या तारखेनुसार 2008 किंवा 2023 चे नियम लागू होऊ शकतात, म्हणून आपल्याला कोणते लागू आहेत ते आधी विचारून घ्या.

एकच आकडा खांद्याला पुरत नाही

निरोगी खांद्यात हात बाजूने वर नेला तर साधारण 180 अंशांपर्यंत जातो. हात किती अंश वर जातो हे मोजून टक्केवारी ठरवली तर काय होते ते पाहा.

वारंवार निखळणारा खांदा दोन प्रसंगांच्या मध्ये जवळजवळ पूर्ण हलतो, त्यामुळे तपासणीच्या दिवशी अंश नॉर्मल येतात. पण हात डोक्यावर नेऊन मागे वळवला की तो माणूस घाबरून थांबतो. त्याचे अपंगत्व अंशांत दिसत नाही. ते किती वेळा खांदा निखळला, कुठे बसवला आणि कोणती कामे सोडावी लागली, यात दिसते. पहिल्यांदा निखळताना वय जितके कमी, तितकी पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त. अडथळ्यांच्या ट्रेनिंगमध्ये विशीत पडलेल्या जवानाला हे नेमके लागू होते.

स्नायूंची दोरी, म्हणजे रोटेटर कफ, फाटली असेल तर डॉक्टरने उचललेला हात वर जातो, पण पेशंटला स्वतःहून तो तिथे धरून ठेवता येत नाही. इथे ताकद मोजावी लागते. आखडलेल्या खांद्यात मात्र कोणीही उचलला तरी हात अडतो. तीन आजार, तीन प्रकारच्या नोंदी. कागदावर फक्त 'खांदेदुखी' लिहिले असेल तर बोर्डाने कशावरून ठरवायचे?

दुखणे लपवले जाते

सैन्यात वैद्यकीय श्रेणी असते. ती खाली आली की बढती आणि पोस्टिंगवर परिणाम होतो. त्यामुळे अनेक जवान खांदा चोळत दिवस काढतात आणि निवृत्तीच्या मेडिकल बोर्डासमोरही 'सब ठीक' म्हणतात. पुढे अर्ज केला की उत्तर येते, नोंदच नाही. श्रेणीच्या भीतीने जवान गप्प बसतो हे सगळ्यांना माहीत असताना, केवळ नोंद नाही म्हणून दुखणेच नव्हते असे मानणे मला पटत नाही. वर्षानुवर्षे पाठीवर पिठ्ठू, खांद्याला रायफल आणि हाताने उचललेल्या पेट्या यांचा विचार बोर्डाने लेखी करायला हवा.

दुसरी बाजूही खरी आहे

प्रत्येक दुखणारा खांदा सेवेमुळे दुखत नाही. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. साठीनंतर काहीच त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही कफची झीज किंवा फाट दिसते. म्हणून निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी काढलेला एमआरआय एकटा काही सिद्ध करत नाही. तपासणीत मुद्दाम हात कमी उचलू नका. अनुभवी डॉक्टरच्या ते लक्षात येते आणि मग खऱ्या त्रासावरही विश्वास राहत नाही.

अपील करणार असाल तर

- मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा. कारणे लिहिली आहेत का, ते आधी वाचा.
- इंजुरी रिपोर्ट, युनिटच्या एमआय रूमच्या नोंदी आणि मिलिटरी हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद तारखेनुसार लावा.
- ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून सविस्तर अहवाल घ्या. त्यात निदान, दोन्ही खांद्यांचे मोजलेले अंश, ताकद, खांदा किती वेळा निखळला, आपण उजवे की डावखुरे आणि कोणते काम अडते हे असावे. सेवेतल्या कामाशी संबंध असेल तर तो का वाटतो, तेही असावे.
- नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करा. ते फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.
- उशीर झाला असला तरी चौकशी करा. मात्र 2008 च्या तरसेम सिंह निकालानुसार थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. थांबलेला प्रत्येक महिना खिशातून जातो.
- फॉर्म भरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. तिथून सुरुवात करा.

आणि जे अजून सेवेत आहेत त्यांनी खांदा दुखावला तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये नोंद करावी. घरी कोणी फौजेत असेल तर पुढच्या फोनवर त्याला एवढे जरूर सांगा.